मामाने कमी करून घेतलेलं कर्ज

माझ्या मामाने आयुष्यात कुठल्याच गोष्टीची सांगितलेली किंमत दिली नाही. चप्पल असो, छत्री असो, नाहीतर दाढ. एकदा दोन दाढा काढायला गेला, तर तोंडात कापूस असतानाच डॉक्टरला म्हणाला, "दोन एकदम काढताय, मग दुसरीचे अर्धेच घ्या." डॉक्टरने घेतले अर्धे. तो गप्प बसावा म्हणूनच घेतले असावेत. गल्लीत त्याला 'शेवटचं बोला' असंच म्हणतात, कारण समोरच्याने काहीही भाव सांगितला की मामाचं उत्तर ठरलेलं: "ते झालं हो, शेवटचं बोला."

मामाचा धंदा जुन्या दारांचा. जुनं घर पडायला निघालं की मामा तिथे आदल्या दिवशी हजर. दारं, चौकटी, खिडक्या उतरवून आणायच्या, रंग खरवडायचा, वाळवीची भोकं भुसा आणि डिंकाने बुजवायची, तेल पाजायचं आणि उभी करून ठेवायची. गावाच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड बावीस वर्षं भाड्याने त्याच्याकडे होती. आत दीडशे दारं, आणि बाहेर पडायला एकच, तेही पत्र्याचं. सगळीकडे तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. बसायला एक खुर्ची होती, तिच्यावर बिजागऱ्यांचा डबा. त्यामुळे गिऱ्हाईक उभंच राहायचं. मामा म्हणायचा, उभं गिऱ्हाईक लवकर हो म्हणतं.

चार वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्याने बेचाळीस दारं एकदम मागितली. सगळी जुनी, सगळी कोरीवकामाची. मामाने चार लाख कर्ज काढलं आणि आजूबाजूच्या गावांतून दारं गोळा केली. मग हॉटेलवाल्याचा भावाशी तंटा झाला, हॉटेल पायातच राहिलं, आणि बेचाळीस दारं मामाच्या गळ्यात पडली. पहिले काही हप्ते कसेबसे गेले. मग सलग सहा चुकले. तीन लाख चाळीस हजार बाकी होते तेव्हा बँकेच्या वसुलीखात्यातून फोन आला की एकरकमी दोन लाख ऐंशी भरा, विषय संपवू.

आता मला सांगा, मांजराला कुणी विचारतं का, की दूध थोडं सांडलंय, चाटतेस का?

मामा अकरा दिवस त्या माणसाशी फोनवर बोलत होता. जेवताना, दार घासताना, संडासाबाहेर. "साहेब, तुम्हीपण बालबच्चेवाले आहात," इथपासून "मग घेऊन जा दारं, बँकेला लावा," इथपर्यंत सगळं झालं. बाराव्या दिवशी दोन लाख दहा हजारांवर सौदा पटला. मामीच्या बांगड्या गेल्या, पण मामा म्हणाला, बांगड्या होतात, असा सौदा होत नाही.

बँकेचं पत्र आलं त्या दिवशी त्याने शेडमध्ये अख्ख्या गल्लीला चहा पाजला. मला बिजागऱ्यांच्या डब्याशेजारी उभं करून पत्र वाचायला लावलं, कारण घरात माझंच शिक्षण जास्त. मी लोकांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. मी वाचत होतो. शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद होता. मी तिथे पोचलो तर मामा म्हणाला, "ते राहू दे रे भाच्या, आकडा परत वाच." मी आकडा परत वाचला. टाळ्या पडल्या. एक लाख तीस हजार सुटले होते. मामाने पत्राला चौकट केली, अर्थात सागवानी, आणि गल्ल्याच्या वर टांगलं.

गेल्या वर्षी शेडचा म्हातारा मालक गेला. त्याची मुलगी दूर कुठे नोकरीला, ती आली, शेड बघून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "काका, मला हे विकायचंय. पहिला हक्क तुमचा. अठरा लाख."

"ते झालं. शेवटचं बोला."

"अठरा."

मामाने तिला साडेसोळावर आणलं. वडिलांच्या आठवणी काढून, छताची भोकं दाखवून. तीन महिन्यांची मुदत ठरली. मामाकडे सहा लाख होते. साडेदहा कमी पडत होते. दीडशे दारं उचलून न्यायला गावात दुसरी जागा नाही, आणि असली तरी तिचं भाडं मामाच्या कमाईएवढं. शेड गेली म्हणजे धंदा गेला, इतका सरळ हिशोब होता.

बँकेत मीही बरोबर गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, वयाने माझ्याएवढी. तिने माहिती घेतली, पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर पाचशे ब्याऐंशी आहे."

"चांगलाय ना? कितीपैकी?"

"नऊशेपैकी. पण आम्हाला निदान सातशे लागतो."

मामा खुर्चीत पुढे सरकला. मला ती हालचाल ओळखीची होती. मी डोळेच मिटले.

"सातशे जास्त होतात ताई. सहाशे धरा."

"काका, ते मी नाही ठरवत."

"बरं, साडेसहाशे. तुमचं नाही, माझं नाही."

"अहो, हा भाव नाहीये. तुम्ही आधीची कर्जं कशी फेडली, त्याचा आकडा आहे तो."

"फेडली म्हणजे? एकदम फेडली! एकरकमी!" मामा म्हणाला आणि मोबाइलमधला त्या चौकटीतल्या पत्राचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला. मग माझ्याकडे बघितलं. घरातलं कुणीतरी आजारी आहे आणि पेशंटला सांगितलेलं नाही, तसं.

माझ्या दुकानात बसून आम्ही त्याचा सगळा रिपोर्ट काढला. चार पानं. सहा चुकलेले हप्ते, महिन्यामहिन्याने मांडलेले, शाळेतल्या गैरहजेरीसारखे. आणि खात्यापुढे एक शब्द: सेटल्ड.

"हे बघ, लिहिलंय त्यांनी," मामा खुशीत म्हणाला. "सेटल्ड. मिटलं."

"मामा, त्याचा अर्थ तसा नाही रे. पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड' लिहितात. सेटल्ड म्हणजे या माणसाने कमी दिले, बँकेने नाइलाजाने घेतले. सात वर्षं राहतं ते."

"मी फसवलं का त्यांना? तेच म्हणाले ना कमी द्या?"

"हो."

"मग? सौदा दोघांचा, आणि डाग एकट्याच्या कपाळावर?"

त्या पत्रातला बारीक अक्षरातला परिच्छेद हाच होता, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

लोकांना रोज समजावतो तसं मी त्याला समजावलं. उरलेले पैसे भरून शब्द बदलून घ्यायचा. ठेव ठेवून तिच्यावर एक कार्ड घ्यायचं, त्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायचं नाही, तारखेआधी बिल भरायचं. आणि मुख्य म्हणजे कुठेही नवीन अर्ज करायचा नाही, कारण प्रत्येक अर्जाला स्कोअर थोडा उतरतो.

मामा खुर्चीतच जरा बारीक झाला.

"कुठेही म्हणजे?"

"म्हणजे कुठेही. का?"

"नाही... परवा मी पाच ठिकाणी टाकले अर्ज. बाजारात पाच दुकानं फिरल्याशिवाय भाव कळतो का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी परत आकडा काढला. पाचशे एकसष्ट. मामी घरून चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अहो, त्या आकड्याला हात लावू नका. तुम्ही हात लावलेलं सगळं कमीच होतं."

मामा हसला नाही. एरवी मामीच्या टोमण्यावर तो सर्वात आधी हसतो.

बँकेने ते जुनं खातं मध्येच एका वसुली कंपनीला विकलं होतं. तिचं ऑफिस एका जिन्याखाली. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीला टेकवलेली फायलींची थप्पी. माणूस पन्नाशीचा, शांत. अशा ठिकाणी लोक पैसे बुडवायला येतात. भरायला आलेला माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला. दोनदा विचारलं, "म्हणजे तुम्हाला माफ झालेले भरायचेत?"

"हो."

त्याने यंत्रावर आकडे टाकले. एक लाख तीस हजार, त्यावरचं व्याज, वर खर्च. "एक लाख चौऱ्याण्णव होतात."

मी मामाकडे बघितलं. समोरचा माणूसही पेन खाली ठेवून मागे टेकला. घासाघीस होणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून तर वाटत होतं की वीस-तीस हजार त्याने सोडायला काढूनच ठेवलेत.

मामाचं तोंड उघडलं. पंख्याची पाती फिरत होती, ती मला एकेक दिसायला लागली.

"काही कमी केलं तर," मामाने सावकाश विचारलं, "ते परत सेटल्डच होईल ना?"

"हो. तसंच जाईल ते."

"मग पूर्ण घ्या."

जिन्याखालून बाहेर पडून आम्ही रस्त्यावर आलो. मामाने पावती उन्हात धरून वाचली, नुकतीच शिकलेली लिपी वाचावी तशी, एकेक अक्षर. "आयुष्यात पहिल्यांदा," एवढंच म्हणाला. पुढे काय म्हणणार होता कोण जाणे. वाटेत फळवाल्याकडून मामीसाठी केळी घेतली, त्याने सांगितलेल्या भावाने. फळवाला आम्ही वळेपर्यंत बघत राहिला.

रिपोर्टमध्ये शब्द बदलायला पंचेचाळीस दिवस लागतात. तीन महिन्यांतला एक महिना आमचा बँकेत आणि रिपोर्टात गेला होता, त्यामुळे पंचेचाळीस दिवस संपले तेव्हा मुदतीचे मोजून तेरा उरले. मधल्या काळात मामाने पन्नास हजारांची ठेव ठेवून कार्ड घेतलं. त्यावर फक्त तेलाचे डबे आणायचा आणि बिल यायच्या आधीच भरायला निघायचा. मी सांगायचो, "अरे, बिल तरी येऊ दे." तो म्हणायचा, "त्यांना वाटू दे, माणूस बरा आहे." आकड्याशी तो असा बोलायला लागला होता, जणू पलीकडे कुणीतरी बसलंय, आणि त्याच्या मनात एकदा आलं की झालं.

सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी रिपोर्ट काढला. क्लोज्ड. स्कोअर सहाशे अठरा.

बँकेतल्या मुलीने मनापासून कौतुक केलं. "काका, खूप छान सुधारणा आहे. असंच चालू ठेवा. चुकलेले हप्ते जसजसे जुने होतील तसतसा चढेल. दीड-दोन वर्षांत सातशे होईलसुद्धा."

"मुदत तेरा दिवसांची आहे ताई."

तिने पेन उचललं, परत ठेवलं. "आणि तुमची स्वतःची रक्कम? आधी सहा सांगितली होती."

"आता साडेतीन आहे," मामा म्हणाला. "अडीच हा शब्द बदलायला गेली."

मालकाच्या मुलीने आणखी आठ दिवस दिले. वाईट नव्हती ती. मग शेड पाण्याच्या बाटल्या साठवणाऱ्या एकाला विकली, अठरा लाखांना, एका फोनवर.

दारं काढायला पंधरा दिवस मिळाले. मामाची गरज सगळ्या बाजाराला कळली होती, आणि जो माणूस बावीस वर्षं लोकांच्या गरजा वासावरून ओळखत आला, त्याला आपला वास येतोय हे काय सांगायचं. चांगली साठेक दारं निम्म्याने गेली. कोरीव बेचाळीस एकाने एकगठ्ठा घेतली. उरलेली एक भट्टीवाला वजनावर घेऊन गेला. काट्यावर चढवताना मामा प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या आधी सोडवून घेत होता. भट्टीवाला म्हणाला, "राहू द्या ना मामा, लोखंडाचं वजन तुम्हालाच मिळेल." मामा म्हणाला, "जळणात लोखंड नको," आणि स्क्रू फिरवत राहिला.

आता तो बाजारातल्या मोठ्या प्लायवुडच्या दुकानात पगारावर आहे. मापं घेतो, गिऱ्हाईकाला नमुने दाखवतो. भाव बोर्डावर लिहिलेले असतात. कार्ड मामी वापरते, किराण्याला, आणि तीन तारखेला बिल भरते. एक दिवस चुकलेला नाही. नंबर माझा दिलाय, त्यामुळे आकडा वाढला की अभिनंदनाचा मेसेज मला येतो. सहाशे एकतीस. सहाशे चव्वेचाळीस. मामीला वाटतं, सातशे झाले की पुन्हा छोटीशी जागा घेता येईल. तिच्यासमोर मी कागद काढत नाही, पण एकदा मांडून पाहिलं आहे: सातशे होईपर्यंत मामा एकसष्टचा होईल, त्या वयाला बँक फार तर पाच-सहा वर्षांची मुदत देईल, आणि त्याचा हप्ता पगाराच्या दीडपट बसतो.

गेल्या आठवड्यात मेसेज आला तेव्हा मी त्याच्या दुकानावरून जात होतो, म्हणून आत शिरलो. मामा पेन्सिल कानामागे लावून एका बाईला दोन फळ्यांमधला फरक सांगत होता.

"मामा, सहाशे त्र्याहत्तर."

"वा," तो म्हणाला. आणि फळीची कड पुसत, "सातशे झाले की काय असतं रे?"

"मग कर्ज देतात."

"हां," मामा म्हणाला, आणि त्या बाईला विचारलं, "ताई, तुम्हाला अठरा एमेमची दाखवू का बाराची?"