चौथ्या पायरीचं कारण

माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. एका फाइलीत लिहूनच ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा तरी कुणाला तरी चिकटवायची: प्रोग्रॅम बंद करा, अमुक नावाचा लपलेला फोल्डर पुसा, प्रोग्रॅम पुन्हा चालू करा. बहुतेकांचं काम व्हायचं. लोक धन्यवाद लिहायचे आणि ते वाचायच्या आत मी पुढच्या माणसाकडे वळलेली असायची.

मी हैदराबादेत तारनाक्याला एका कॉलेजात गणित शिकवते. गणिताचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, कुणीही त्याचं आतलं पोट उघडून बघावं असं. समीकरणं सोडवतं, आकृत्या काढतं. त्याच्या मदतीच्या पानावर कुठले कुठले लोक अडचणी विचारतात आणि माझ्यासारखे हौशी लोक उत्तरं देतात. अडचणी ठरलेल्या. कुणी दोन आणि एक्सच्या मध्ये गुणाकाराची खूण देत नाही आणि म्हणतं, प्रोग्रॅम बिघडलाय. कुणाला एक भागिले तीन दशांशात हवं असतं, प्रोग्रॅम ते जसंच्या तसं परत देतो, की झाला राग. कुणी कंस उघडतं आणि बंद करायचं विसरतं. मला या लोकांची कीव कमी आणि चीड जास्त यायची. शाळेत काय दिवे लावले यांनी, असं मनात म्हणत मी उत्तर ठोकून द्यायची.

त्या मंगळवारी दुपारी सरांचा फोन आला तेव्हा माझं लॅबमधलं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं आणि डोकं भणभणत होतं.

सर म्हणजे माझे शाळेतले गणिताचे सर. बरकतपुऱ्यात राहतात, पंच्याहत्तरी उलटली आहे. काकू गेल्यापासून एकटेच, मुलगा पुण्याला. आमच्या मराठी शाळेत त्यांची एकच शिस्त होती. भूमितीची सिद्धता लिहायची तर डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारण लिहिलं नाही तर विधान बरोबर असूनही शून्य. "कारणाशिवाय बोललीस त्या गप्पा झाल्या," म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर मीच टाकून दिलं, आणि तेव्हापासून ते त्यात पानं करत होते. जन्मभर फळ्यावर शिकवलेलं एकेक उदाहरण, एका पानावर एक, सोप्या मराठीत, शेजारी आकृती. बिंदू बोटानं सरकवला की त्रिकोण हलायचा आणि कोनांची बेरीज मात्र तेवढीच राहायची. हैदराबादेत आता मराठी वाचणारी पोरं आहेतच किती? माझी स्वतःची मुलगी दुकानांच्या तेलुगू पाट्या धडाधड वाचते आणि मराठी पत्रिका हातात दिली की अडखळते. मी एकदा विचारलंही होतं, सर, कुणासाठी करताय हे? तर म्हणाले, "मला काय माहीत. असावीत."

आणखी एक सांगायला हवं. सरांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखत नव्हते. सरांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. मुलगा पुण्याला चला म्हणून मागे लागला की ते त्याला एकच उत्तर देत, माझ्यासमोरही दिलं होतं: "ज्या दिवशी माझ्या हातून चूक होईल आणि ती का झाली हे मला सांगता येणार नाही, त्या दिवशी येतो." तोपर्यंत हे घर, हा कॉम्प्युटर आणि ही पानं.

तर सर फोनवर म्हणाले, "अगं, दोन दिवस उघडतच नाहीये. नुसता पांढरा पडदा येतो."

"लिहून घ्या, सर."

"थांब, वही आणतो."

वही येईपर्यंत मी टेबलावर बोटं आपटत होते. मग एकेक पायरी सांगितली. ते प्रत्येक शब्द परत म्हणायचे, आणि मी "हो सर, हो, पुढे" करत त्यांना ढकलत होते. चौथ्या पायरीला ते थांबले.

"हे विचारतंय, कायमचं पुसायचं का? हो म्हणू?"

"म्हणा ना सर हो, मी सांगतेय ना."

"तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार," ते म्हणाले, आणि त्यांनी हो म्हटलं. प्रोग्रॅम उघडला. मी फोन ठेवला आणि डबा खायला बसले.

डबा खाता खाता मदतीचं पान उघडलं. कुणीतरी विचारलं होतं: माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे, मी केलेली पानं ती नक्की कुठे साठवते? हा प्रश्न सोपा होता. मी लिहायला लागले, जुनी आवृत्ती तुमची पानं त्या लपलेल्या फोल्डरातच... आणि माझा हात थांबला. नव्या आवृत्तीत त्या फोल्डरात नुसत्या सेटिंग्ज असतात, पुसलं तरी काही बिघडत नाही. सरांकडे जुनी होती. मीच टाकलेली. नवी टाकून देते, टाकून देते म्हणत मी पाच वर्षं काढली होती.

मी फोन लावला. उचलला नाही. काम करताना सर मोबाईल आतल्या खोलीत ठेवतात, ही त्यांची जुनी खोड. पुन्हा लावला, पुन्हा. चार वेळा झाल्यावर पर्स उचलली आणि प्राचार्यांना न सांगता निघाले.

पुसलेलं सगळं लगेच जात नाही, एवढाच एक धागा होता. फळ्यावर डस्टर फिरवला तरी खालची अक्षरं पुसट दिसत राहतात ना, तसं. पण त्यावर कुणी नवीन लिहिलं की संपलं. म्हणजे सरांनी आता कॉम्प्युटरला हात लावायला नको होता, आणि मी सरांना ओळखत होते. प्रोग्रॅम दोन दिवसांनी चालू झालेला, म्हणजे ते झपाटून बसलेले असणार. त्यांनी लिहिलेली प्रत्येक नवी ओळ कुठल्या तरी जुन्या पानावर पडत असणार. रिक्षा विद्यानगरच्या सिग्नलला अडकली तेव्हा मी पाचव्यांदा फोन लावला, तोही वाजून बंद झाला. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "अम्मा, घर में सब खैरियत?"

"हौ भाई, जरा जल्दी चलो," म्हटलं. खैरियत कसली.

सरांनी दार उघडलं ते हसतच. "ये, ये. एकदम झकास चालतंय. बघ, तेवढ्यात दोन नवीन पानं केली. जुनी दिसत नाहीयेत, पण म्हटलं येतील थोड्या वेळानं."

मी चपला न काढता आत गेले आणि कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली. बंद करायचा रीतसर मार्ग घेतला असता तर त्यातही काहीबाही लिहिलं गेलं असतं. सर बघत राहिले.

"काय झालं?"

"सर, जुनी पानं गेलीत बहुतेक. बघते परत मिळतात का."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असणार. तू सांगत होतीस, मी भलतंच ऐकलं."

इथे मी बोलायला हवं होतं. नाही सर, तुम्ही बरोबर ऐकलंत, चूक मी सांगितलं. एवढंच वाक्य. पण तोंडातून निघालं ते भलतंच: "मी कॉम्प्युटर घरी नेते सर, काळजी करू नका." लाज वाटली, दुसरं काय. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं मला मूर्ख म्हटलं नव्हतं, त्याच्यापुढे मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती. वापरणाऱ्यानं स्वतःलाच दोष दिला की आपण गप्प बसायचं, ही मदतीच्या पानावरची माझी जुनी सवय. तीच कामाला आली.

दोन दिवस मी कॉलेजातून आले की सरांच्या कॉम्प्युटरच्या डिस्कला चिकटायची. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायची आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावायची. तुकडे येत होते. नाव नाही, क्रम नाही. वर्तुळाच्या स्पर्शिकेचं पान अर्धं, पायथागोरस पूर्ण, कुठे नुसतीच आकृती, कुठे "म्हणून" या शब्दावर तुटलेली ओळ. निम्मी पानं जुळतील असं वाटत होतं. उरलेली निम्मी कोणती, हे सरांनाच ठाऊक. आणि जेवताना, झोपताना, वर्गात शिकवताना एकच डोक्यात: अजून सांगितलं नाहीस.

गुरुवारी सरांचाच फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"मुलाला कळवलं. तो शनिवारी येतोय. कोठी भागात एक डॉक्टर आहेत म्हणे विसरण्याबिसरण्याचे, त्यांना दाखवायचं म्हणतो. मग पुण्याचं तिकीट. आणि हे बघ, कॉम्प्युटरची घाई करू नकोस. आता लागायचा नाही."

"सर, मी उद्या येते," एवढंच म्हणता आलं. फोनवर सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

शुक्रवारी गेले तेव्हा सर पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. दोन वाटण्या केल्या होत्या, पुण्याला न्यायची आणि द्यायची. द्यायची ढीगभर होती. मी कॉम्प्युटर खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. सुतळी हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हसले.

"चांगली आहेस तू. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नये."

"सर, खरं सांगतेय."

"खरं असतं तर मंगळवारीच बोलली असतीस."

डोळ्यांत पाणी आलं, रागच आला स्वतःचा. तीन दिवसांपूर्वी जे वाक्य पुराव्याशिवाय चाललं असतं, त्याला आता हा माणूस पुरावा मागत होता, आणि मागणारच. कारण लिहिल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला गुण दिले होते?

"वही द्या सर," मी म्हटलं. "मंगळवारची."

त्यांनी आणून दिली. पानाच्या मधोमध रेघ मारलेली, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. प्रोग्रॅम बंद केला. कारण, पडदा पांढरा आहे. फोल्डर शोधला, नाव असं असं, सुरुवातीला टिंब. चौथी पायरी: लपलेला फोल्डर कायमचा पुसला. उजवीकडे: तिने सांगितले. खाली जरा जागा सोडून, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेलं असावं, अक्षर हललेलं: सर्व पाने गेली. कारण: वय.

मी ते वाचलं. मग मोबाईलवर जुन्या आवृत्तीचं माहितीपत्रक उघडलं आणि पानं कुठे साठतात ती ओळ काढून त्यांच्यापुढे धरली. सरांनी भिंग आणलं. मोबाईलवरचं नाव आणि वहीतलं नाव एकेक अक्षर ताडून पाहिलं. दोनदा.

"टिंबसुद्धा तेच," ते म्हणाले.

"तेच सर. तुम्ही बरोबर तोच फोल्डर पुसलात. मी सांगितला तोच."

"तुला ठाऊक होतं त्यात पानं असतात?"

"ठाऊक होतं. आठवलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, जुनी आवृत्तीच आहे ना म्हणून. घाईत होते. तुम्हालाही त्या बाकीच्यांसारखंच झटकलं मी."

"आणि मंगळवारी?"

"लाज वाटली."

सरांनी भिंग खाली ठेवलं. रागावले होते, दिसत होतं, आणि ते बरंच होतं. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "शेवटचं कारण खोड. बरोबर लिही."

मी "वय" खोडलं. लिहिलं: आत काय आहे हे न विचारता फोल्डर पुसायला लावला.

"कुणी?"

"मी."

"मग तसं लिही."

लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आत गेले आणि मोबाईल घेऊन आले. मुलाला लावला.

"तिकीट काढलंस का? ते रद्द कर. नाही, तू ये की, पण डॉक्टरबिक्टर नको. अरे, कारण सापडलं. माझी विद्यार्थिनी चुकली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हो, इथेच बसलीय. निम्मी पानं जुळायचीत अजून, ती जुळेपर्यंत मी तिला सोडत नाही." मग ते खिडकीकडे वळले, माझ्याकडे पाठ करून. "मी नाही रे चुकलो," ते हळूच म्हणाले, "मी नाही."