नावेतली पंचवीस मिनिटं

आप्पा गेली दोन वर्षं घराबाहेर पडायला तयार नव्हते, आणि दर वेळी कारण निराळं. बागेत चला म्हटलं तर ऊन लागतं, देवळात चला म्हटलं तर पायऱ्या फार, शेजारच्या सुप्रीताकडे बारशाला चला म्हटलं तर “आपली न् त्यांची भाषा एक न्हाई.” त्यांची लेक महानंदा ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, यातलं एकही कारण खरं नाही.

खोट पकडणं हा तिचा रोजचा धंदा होता. कन्नड मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं तपासनीस होती. पंपाचे सुटे भाग टेबलावर यायचे, ती मापाचं गेज लावून बघायची, केसभर फरक दिसला की भाग लाल खोक्यात. माल नेमका कशानं बिघडला ते कळेपर्यंत ती मशीन पुन्हा सुरू करू द्यायची नाही. ऑपरेटर तिला वचकून असत. निपाणीकडून ती एकटी इथं आली, लग्न केलं, ते तीन वर्षांत मोडलं, त्याबद्दल ती फारशी बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन आली. आप्पांनी, म्हणजे परसूनं, जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलेलं. पण धोतर कायम पांढरंशुभ्र, टोपीला सुरकुती पडलेली त्यांना चालायची नाही.

आईनं, ठकुबाईनं, सहा वर्षांत काही मागितलं नव्हतं. जानेवारीत एकदा सुप्रीतानं फोनवर रंगनतिट्टूच्या पक्षिधामाचं चित्रण दाखवलं. कावेरीतली बेटं, झाडांवर पांढरे पक्षी, आणि त्यांच्या अगदी जवळून जाणारी नाव. ठकुबाईनं ते चार वेळा बघितलं. मग फोन परत देत म्हणाली, “एकदा असं नावेत बसायचं बाई.”

“जाऊया की,” महानंदा म्हणाली. “श्रीरंगपट्टणापर्यंत रेल्वे आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.”

“तुमी दोघी जावा,” आप्पा आतून म्हणाले. “मला पाण्याचं भ्या वाटतंय.”

आई म्हणाली, त्यांना सोडून मी जाणार नाही. विषय तिथंच बंद पडला असता. पण पाण्याचं भय? हा माणूस साठीपर्यंत गावच्या तळ्यात पोहत होता. रविवारी मेथी निवडताना महानंदानं आईला सरळच विचारलं, “आप्पांना झालंय काय? खरं सांग.”

ठकुबाईनं एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “त्यांना धरवत न्हाई गं. अर्ध्या तासाला जावं लागतंय. लागलं की लागलंच, दम निघत न्हाई. त्या गिरीराजच्या लग्नात काय झालं, ठावं हाय का तुला?”

महानंदाला आठवलं. कारखान्यातल्या गिरीराजचं लग्न, जेवणाची पंगत, आणि आप्पांनी मांडीवर सांडलेला पाण्याचा तांब्या. सगळ्यांदेखत ती त्यांच्यावर खेकसली होती, “आप्पा, जरा बघून!”

“सांडला नव्हता,” आई म्हणाली. “ओतून घेतला होता त्यांनी. धोतर आदीच भिजलं होतं.”

महानंदाच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ती उठली, हात धुतले आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. कारण सापडलं होतं. आता ही सहल होणारच.

वडिलांशी या विषयावर बोलणं तिला जमणार नव्हतं आणि त्यांना तर त्याहून नाही. डॉक्टरचं नाव काढलं तरी ते भिंतीकडे तोंड करून झोपतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पुढच्या रविवारी ओव्हरटाइम आहे असं सांगून ती एकटीच निघाली. मेट्रोनं गेली, कारण हवं तिथं उतरता येतं. पुढे रेल्वे, कारण डब्यातच शौचालयाची सोय असते. कुठल्या बाकावरून ती चार पावलांवर पडते तेही बघून ठेवलं. श्रीरंगपट्टणात उतरून रिक्षा केली, पक्षिधामाच्या फाटकाशी पुरुषांचं शौचालय कुठं आहे ते विचारलं. रखवालदारानं तिच्याकडे चमकून पाहिलं. ती म्हणाली, “वडिलांसाठी हो.” मग नावेत बसली. पक्ष्यांकडे तिनं क्वचितच पाहिलं असेल. सगळं लक्ष घड्याळात. पंचवीस मिनिटं.

घरी येऊन तिनं एका कागदावर पूर्ण दिवस उतरवला. कुठून कुठं, किती वेळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोनच शब्द : सोय आहे. कागद आप्पांच्या चष्म्याखाली ठेवला आणि कामावर गेली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती डबा भरत असताना कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“नावेच्या ओळीपुढं काय लिवलं न्हाईस.”

“तिथं सोय नाही, आप्पा.”

“किती मिंटं?”

“पंचवीस.”

“हं,” म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा आप्पा गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते, हातात मनगटी घड्याळ. तिनं हाक मारली तर नुसता हात वर केला. थोड्या वेळानं घाईघाईनं उठून आत गेले. “काय चाललंय?” तिनं आईला विचारलं. “काय की,” ठकुबाई म्हणाली, “सकाळधरनं तिसऱ्यांदा.” मग महानंदाच्या ध्यानात आलं आणि ती चहा टाकायला गेली. रोज हे चालू राहिलं. बावीस मिनिटं, चोवीस, एकदा एकोणीस. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तीन आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी सांगितलं, “अठ्ठावीस झाली. तिकिटं काढ.”

मार्चमधल्या एका रविवारी तिघं निघाली. सगळं कागदाबरहुकूम झालं. रेल्वेत आप्पा चार वेळा उठले आणि चारही वेळा महानंदा खिडकीबाहेरच बघत राहिली. ठकुबाईनं रामनगरचे खडक बघितले, मद्दूर आलं तेव्हा वडे घेतले. पक्षिधामात महानंदा नावेच्या रांगेत उभी राहिली आणि दोघांना शौचालयाजवळच्या बाकावर बसवलं. नंबर जवळ आल्यावर फोन केला. आप्पा एकदा जाऊन आले, लाइफ जॅकेट चढवलं, नावाड्याचा हात धरून आत उतरले.

पहिली दहा मिनिटं छान गेली. झाडं पांढरी दिसावीत इतके पक्षी, आणि त्यांचा कलकलाट असा, की ठकुबाई कानावर हात ठेवून हसत होती. मग एका खडकावर जबडा उघडून पडलेली मगर दिसली. लोक फोटो काढू लागले. “अण्णा, स्वल्प थांबा,” कुणीतरी म्हणालं आणि नावाड्यानं वल्हं रोवलं. अठरा मिनिटं झाली. एकवीस. आप्पांची बोटं फळीवर आवळलेली महानंदाला दिसली, कपाळावर घाम होता.

ती वाकून कुजबुजली, “मी सांगू का त्याला?”

त्यांनी मान हलवली. नको. डोळे मिटले, उघडले. आणि मग वखारीत हमालांना हाक घालायचे तशा आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, “ए अण्णा! नाव वळव. मला लघवीला लागलीय.”

फोटो काढणाऱ्यांचे फोन खाली आले.

“सरी, अज्जा, वळवतो,” नावाडी म्हणाला. “पाच मिनिटं धरा.” आणि जोरानं वल्हवू लागला.

मागच्या फळीवरून एक टोपीवाले म्हातारे गृहस्थ बोलले, “बरं झालं तुम्ही बोललात. मी केव्हाचा कळ काढतोय.” त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. मग सगळी नाव हसली, आप्पासुद्धा, जपून.

काठ आला. नावाड्यानं आधी आप्पांना उतरवलं. ते झपझप चालत गेले, आणि परत आले तेव्हा धोतर कोरडं होतं. हात पुसत त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

“मोठ्या चोचीचे ते पलीकडच्या बेटावर हाईत म्हणं,” ती म्हणाली. “तितवर गेलोच न्हाई.”

“मग परत बसू की. आता अर्धा तास मोकळाय मी. नंदा, रांगंत हुबी ऱ्हा.”

महानंदा पुन्हा रांगेत उभी राहिली. दुसऱ्या फेरीत तिनं घड्याळ पर्समध्ये टाकलं. ठकुबाईनं मोठ्या चोचीचे पक्षी पोटभर बघितले, आप्पांनी ते एक-एक करून मोजले आणि आकडा नावाड्याला सांगितला.

दुसऱ्याच आठवड्यात महानंदानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. “डॉक्टरकडे जायचंय,” तिनं सांगितलं, आणि आप्पांनी टोपी घातली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, या वयात हे बऱ्याच जणांना होतं म्हणाले. “केव्हापासून त्रास आहे?”

“तीन वर्षं झाली.”

“मग आधी का नाही आलात, अज्जा?”

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. “मी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले, “आणि हिनं इचारलं न्हाई.”

महानंदानं मान डोलावली, टेबलावरची चिठ्ठी उचलली आणि औषधाच्या खिडकीकडे निघाली.