माहितीत न दिसलेला माणूस

मंडळी, प्रोग्रामरांसाठीचं एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर मी शिक्रापुरात बसून एकटा सांभाळतो. लोक परवानगी देतील तेवढीच वापराची माहिती माझ्याकडे येते. तीत एक जुनी सोय कुणी वापरताना दिसेना, म्हणून ती काल काढून टाकली.

आज दौंडच्या एका प्रोग्रामरचा फोन आला. "आवो, तुमी ती जुनी सोय काढली आन् तिच्यावर चालणारं आमच्या डेअरीचं दूध-संकलन सकाळधरनं बंद हाय. दूध नासाया लागलंय."

"पण ती सोय कुणीच वापरत नव्हतं."

"म्हंजी मी कुणीच न्हाई व्हय?"

"तुम्ही माहिती द्यायला नकार दिला होता का?"

"दिला की. माझ्या कामात दुसऱ्यानं कशापायी डोकवायचं?"

खरं तर मीही सगळीकडे नकारच देतो.

सोय लगेच परत घातली, तोवर दूध गेलं होतं. अजून एक जुनी सोय काढायची आहे, सगळं एकट्याला झेपत नाही. पण ती वापरता का, हे नकार देणाऱ्यांना विचारू तरी कसं?