भोंग्यावरचं नाव

कारखाना म्हटला की किस्से साचतातच. पितळ चकाकवताना उडणारी बफिंगची धूळ झाडून काढता येते, किस्से नाही! आमचा वसई पूर्वेचा गाळा तर ट्रंपेट बनवायचा. बनवायचो आम्ही, नाव दुसऱ्याचं. शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांकडून त्यांचे ठसे यायचे, आम्ही ते ट्रंपेटच्या तोंडावर, म्हणजे भोंग्यावर, मारायचो. एकाच हाताचा माल, तीन-तीन कंपन्या!

तो हात आमच्या बस्त्यावकाकांचा.

---

बोळिंजच्या एका लग्नात दोन बँडवाल्यांची जुंपली. माझी कंपनी भारी की तुझी? दुसऱ्या दिवशी दोघंही ट्रंपेट सर्व्हिसिंगला घेऊन हजर. काकांनी दोन्ही खोलले, तेवढ्यात चहा आला आणि पिस्टनची, म्हणजे बोटांनी दाबायच्या दट्ट्यांची, अदलाबदल झाली. याचे त्यात, त्याचे यात. फिट्ट बसले!

दोघांनी वाजवून बघितलं, एकमेकांकडे तुच्छतेने पाहिलं आणि दोघंही तेच म्हणाले,

"शेवटी ओरिजिनल ते ओरिजिनल!"

"खरं हाय," काका म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

---

काकांचा एक नियम होता. नवा ट्रंपेट आधी ते स्वतः फुंकणार, मगच ठसा. एकदा गाळ्याच्या मालकाने, आमच्या शेठने, घाईत आधीच ठसा मारला. काका हातोडी ठेवून बाकावर जाऊन बसले.

"काय झालं, काका?"

"शेठ, पोर रडायच्या आधीच बारसं?"

शेठने मुकाट्याने ट्रंपेट त्यांच्या हातात दिला. पुन्हा अशी घाई केली नाही.

---

गावच्या सणाला चर्चपुढे बँड वाजत होता. काका डोळे मिटून ऐकत होते. शेजारी रोझाकाकी.

"यात आपला कुठला?"

"डावीकडचा. आवाज ऐक ना."

काकी उठल्या, चष्मा लावून वाजवणाऱ्याच्या अगदी तोंडाशी जाऊन वाचून आल्या.

"त्याच्यावर दुसऱ्याचंच नाव हाय! तुमचं कुठं हाय?"

लोक हसले. काकाही हसले. पण सोमवारी त्यांनी शेठला हळूच विचारलं, "एका तरी भोंग्यावर माझं नाव टाकू? विकायला नको, हिला दाखवायला."

"काका, व्यापारी पार्टीला कळलं तर ऑर्डर जाईल हो."

काका "बरं" म्हणाले. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

---

काका-काकींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आगाशीच्या वाडीत मांडव. बँड दत्तू मास्तरांचा. त्यांचे सगळे ट्रंपेट आमच्याच गाळ्यातले. माझ्याकडून त्यांना शेठचा नकार कळला होता.

बँड अंगणात आला आणि काकी दचकल्या. प्रत्येक भोंग्यावर पांढरी चिकटपट्टी! जखमेवर लावतात ती.

"मास्तर, सगळ्यांना लागलं का काय?"

"नाही काकी. आज इथं दुसऱ्या कुणाचं नाव नको." मास्तरांनी खिशातून मार्कर काढून काकांपुढे धरला. "काका, घाला नाव."

शेठही आले होते; त्यांनी मान खाली घातली.

काकांनी मार्कर घेतला. मी भोंगा धरला. पट्टीवर त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: रोझा.

काकींनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अवो, मी कधी बनवला हा?"

काकांनी मार्करचं टोपण लावलं.

"दत्तू, वाजव रे."