दुकानातली हलगी

आमच्या गावचे हलगीवाले बाळूमामा डोळे दाखवायला शहरात आले होते. परतताना चपला घ्यायला मी त्यांना एका झगमगीत दुकानात नेलं. आत मोठ्यानं हलगीच्या ठेक्यावरचं नाचाचं गाणं चालू होतं, गेलं वर्षभर लग्नालग्नात डीजे लावतात तेच. एक पाय चपलेत घातलेले मामा एकदम थांबले.

"ह्यो माझा हात हाय," ते म्हणाले.

काउंटरवरची मुलगी हसली. "काका, हे कॉम्प्युटरवर बनवतात. कोणी वाजवत नाही."

मग मामांनी सांगितलं, की शहरातली दोन पोरं मागं गावात येऊन त्यांची हलगी रेकॉर्ड करून गेली होती. "तवा माझी एक थाप चुकली व्हती. आता बघ." त्यांनी बोट वर केलं आणि गाण्यातला ताल तिथंच अडखळला. पुढच्या फेरीलाही तसंच झालं. मुलीचं हसू मावळलं.

मला तिथं उभं राहवेना. ही हलगी ऐकत मी लहानाची मोठी झाले, याच गाण्यावर कितीदा नाचले, आणि मला तो हात ओळखू आला नव्हता. मामांनी चिडावं, आपलं नाव मागावं, असं फार वाटत होतं. पण त्यांच्या वतीनं चिडायचा हक्क तरी मला कुठं उरला होता?

मामा मात्र ओशाळले होते.

"त्या पोरांना गाठ," ते हळूच म्हणाले. "म्हणावं, परत एकदा या. नीट वाजवून देतो."