साडूभाऊंचं मोजलेलं पीठ

दोन वस्तूंमध्ये अंतर दिसलं की ते मोजल्याशिवाय घास न उतरणारा माणूस अख्ख्या बदलापुरात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी तुळस किती वाढली, मी सोफ्यात किती रुतलो, सगळ्यावर एकच नखाएवढा सेन्सर आळीपाळीनं नजर ठेवून असे. "अंदाज म्हणजे आळशी माणसाची फूटपट्टी," असं ते माझ्याकडे बघून म्हणत. आनंदनगरच्या कारखान्यात यंत्रं सांभाळून आले की दुसरी पाळी स्वयंपाकघरात. इडलीच्या पातेल्याच्या झाकणाला आतून तोच सेन्सर चिकटवलेला. पीठ फुगून झाकणापासून ठरलेल्या अंतरावर आलं की घंटा वाजायची. सेन्सरशी बोलायची रीत त्यांनी मला चहा गार होईपर्यंत समजावली होती. तारा दोनच. एकीनं ताल धरायचा, दुसरीवरून बोलायचं. त्याच तारांवर कितीही सेन्सर बसवा, ज्याचा नंबर पुकारला त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. "ही शिस्त आधी स्वतःला लावा," ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आतून म्हणाली.

मग ताईनं सोसायटीच्या हळदीकुंकवाला इडल्या कबूल केल्या. पातेली दोन, सेन्सर एक. "यावेळी फजिती झाली तर हे सगळं भंगारात," तिनं बजावलं. साडूभाऊंचा चेहरा उतरला, म्हणून मी शूर झालो. उल्हासनगरहून दुसरा सेन्सर आणला. "भाई, सेम टू सेम पीस है," दुकानदार म्हणाला, आणि मी खूश होऊन, साडूभाऊ आंघोळीला गेलेले असताना, तो त्याच तारांना जोडूनही टाकला. बनवतानाच दोघांना एकच नंबर मिळालेला असतो हे मला कोण सांगणार? पुकारलं की दोघं एकदम बोलायचे, आणि त्या गोंगाटातून निघालेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा लहान. पीठ तळाशी झोपलेलं आणि घंटा वाजली. "हे फुगलंय?" ताईनं विचारलं. "आकडा सांगतोय ना," साडूभाऊ म्हणाले. बायकांनी कुंकू लावून घेतलं आणि कॅरमच्या सोंगट्यांसारख्या त्या इडल्या हळूच पर्समध्ये घातल्या.

माझं नाव साडूभाऊंनी ताईला सांगितलं नाही. "दोघांना एकाच नावानं हाक मारली तर दोघं ओ देणारच, त्यांचं काय चुकलं?" एवढंच मला म्हणाले, आणि भंगारवाला यायच्या आधी सगळं पिशवीत भरून माझ्या अंबरनाथच्या घरी आणून लावलं. एकाला आधी गप्प बसवायचं, दुसऱ्याला नवा नंबर द्यायचा, मग पहिल्याला जागं करायचं. फक्त वीज गेली की दिलेला नंबर विसरतात, पुन्हा पहिल्यापासून बारसं.

निवृत्त होऊन साडूभाऊ आता लेकाकडे नागपूरला असतात. स्वतःहून कधी फोन करत नाहीत. तेही पुकारलं तरच बोलणाऱ्यांतले. म्हणून मीच करतो.

"साडूभाऊ, वीज गेली होती. नंबर विसरले."

"आधी एकाला गप्प बसवा. बसवलंत? पीठ कुठवर आलंय?"

"चार बोटं."

"बोटं नका सांगू हो."

मग गुडघे, नातू, नागपूरचं ऊन असं बराच वेळ चालतं. वीज गेलेली नसते. प्लग मीच काढलेला असतो, आणि पातेल्यात पीठही नसतं.