लायल ओस्टबीचं बीकन

लायल ओस्टबीने अडतीस वर्षं आमच्या गावच्या लाकूडमिलमध्ये करवतींना धार लावली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाला. कॉटर क्रीकमध्ये ही साधी गोष्ट नाही. इथे मिलमधल्या म्हाताऱ्यांशी हात मिळवताना आपण नकळत बोटं मोजतो. डोळ्यांवर चष्मा न लावता कुणी त्याच्या खोलीत शिरलं तर लायल त्याला दंडाला धरून बाहेर काढायचा, मग तो मॅनेजर का असेना. असा काटेकोर माणूस. फक्त घरी त्याचा काटेकोरपणा चालत नसे. त्याच्या मागच्या दाराच्या जिन्याची तिसरी पायरी अकरा वर्षं हलत होती आणि त्याची बायको मार्व्हा अकरा वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होती.

आणि हाच लायल स्नोमोबाइलवर, बर्फावर पळणाऱ्या त्या गाडीवर, बसला की त्याच्या अंगात वारं भरायचं.

डोंगरात जाताना आमच्याकडे तीन वस्तू जवळ ठेवतात. छातीवर बांधायचं बीकन, म्हणजे माणूस बर्फाखाली गाडला गेला तर तो कुठे आहे हे वरच्यांना सांगणारं यंत्र. बर्फात खुपसून बघायची घडीची लांब सळई. आणि फावडं. लायलच्या मते हे सगळं शहरातून येणाऱ्या पोराटोरांसाठी होतं. करवत बिघडायच्या आधी तिचा सूर बदलतो, तसा बर्फ सुटायच्या आधी डोंगराचा बदलतो, आणि तो आपल्याला ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं. इंजिनाच्या त्या गोंगाटात डोंगर याच्याशी नेमका कधी बोलायचा, हे मी एकदा विचारलं होतं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

आमच्या क्लबचा अध्यक्ष डर्विन पेल आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत आला. त्याने वर्गण्या गोळा करून डोंगराच्या वाटेवर एक खांब उभा केला. चालू बीकन घेऊन कुणी समोरून गेलं की खांबावर हिरवं वर्तुळ उजळतं, नाहीतर लाल फुली. शनिवारी-रविवारी मी तिथल्या टपरीत बसून पास फाडते, त्यामुळे गावात कोण किती शहाणं आहे ते मला खांबच सांगतो. लायल आला की लाल फुली. तो तिला हेल्मेटला हात लावून सलाम करायचा आणि मागची रांग हसायची. डर्विनला तो ‘हेडमास्तर’ म्हणायचा, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

मार्व्हा स्वतः गाडी चालवते, आणि बेताने चालवते. डर्विनचा शोधकार्याचा वर्ग तिने दोनदा केला होता. नाताळात तिने नवऱ्याला फावडं-सळईसकट नवंकोरं बीकन दिलं आणि एवढंच म्हणाली, की मिलमध्ये चष्मा न लावणाऱ्याला तू काय म्हणायचास ते आठव. पुढच्या शनिवारी लायल खांबासमोरून गेला आणि हिरवं वर्तुळ उजळलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डर्विन इतका हरखला की त्याने मला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी पाजली, जी तो कुणाला देत नाही.

माणूस साठीनंतर सुधारू शकतो, असं मलाही वाटलं. मी हार्डवेअरचं दुकान चालवते, नेलेली वस्तू माणसं कशी वापरतात ते मला तरी कळायला हवं होतं.

झालं असं होतं, की बीकनचा पट्टा लायलच्या काखेत काचायचा. म्हणून त्याने ते चालू करून लोकरीच्या मोज्यात घातलं आणि मोजा गाडीच्या मागच्या पिशवीत कोंबला. तिथेच फावडं, तिथेच सळई आणि तिथेच मूस हरणाच्या मांसाचं सॉसेज. आम्ही दुपारी ते चंदेरी कागदात गुंडाळून इंजिनाच्या नळीवर गरम करतो. खांबाला बिचाऱ्याला काय कळणार, बीकन माणसाच्या छातीवर आहे की सॉसेजच्या शेजारी. त्याने हिरवा दिवा दाखवला. सगळे खूश, आणि लायल सगळ्यांत जास्त.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आम्ही चौघं वर गेलो: लायल, मार्व्हा, डर्विन आणि मी. थोरल्या उतारावर आमचा एक जुना खेळ आहे. एकेकाने गाडी जोरात वर न्यायची, जमेल तितकं चढून वळायचं आणि खाली यायचं. ज्याच्या गाडीचा माग सगळ्यांत वर उमटेल तो त्या दिवसाचा राजा. डर्विन नको म्हणत होता, दोन दिवसांपूर्वी वारा फार होता, त्याने साचवलेला बर्फ सुटू शकतो. लायलने हेल्मेट काढून कान डोंगराकडे लावला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, “हेडमास्तर, डोंगर झोपलाय.”

तो वर गेला. सगळ्यांच्या मागांच्या वर गेला आणि वळला. त्याच्या वर, बऱ्याच उंचावर, बर्फात एक रेघ उठली. मग सगळा उतारच खाली यायला लागला. बर्फाचा धुरळा इतका उडाला की पुढचं काही दिसेना. धुरळा बसला तेव्हा खाली ढेकळंच ढेकळं होती. लायल नव्हता, गाडीही नव्हती.

डर्विनने आवाज चढवला नाही. आपापली बीकनं शोधावर टाका, इतकंच म्हणाला. लगेच यंत्रावर अंतराचा आकडा आला, चाळीस मीटर. आम्ही त्याच्या मागे धावलो. बावीस, नऊ, दोन. सळई खुपसली, हातभर खाली टणक लागलं. इतक्या झटपट सापडला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघं खणायला लागलो.

मार्व्हा खणता खणता बोलत होती. ती रडत नव्हती, रोजच्यासारखी त्याला झापत होती. “लायल, ऐकतोयस ना? श्वास घेत राहा. ती तिसरी पायरी अजून हलतेय. ती दुरुस्त होईपर्यंत मी तुला कुठेही जाऊ देणार नाहीये, समजलं?”

फावड्याला लागलं ते गाडीचं सीट. मग पिशवी. मार्व्हाने ती ओढून काढली आणि उघडली. आत सॉसेज, दुमडलेलं फावडं, सळई आणि एक करडा मोजा. मोज्याच्या आत एक लाल दिवा लुकलुकत होता.

तिने मोजा हातात धरला आणि होती तिथेच बसली. आम्ही तिघंही इतका वेळ डोंगराकडे तोंड करून, यंत्रावर विश्वास टाकून, उताराच्या खालच्या बाजूला एकदाही न बघता खणत होतो. बसताना तिचं तोंड मात्र खालच्या बाजूला झालं.

साठ-सत्तर पावलं खाली, फर झाडांच्या बुंध्यांत, एक नारिंगी हातमोजा हलत होता.

लायल गळ्यापर्यंत बर्फात होता. एक हात बाहेर. छातीवर इतका दाब होता की श्वास जेमतेम पुरत होता, हाकेला उरत नव्हता. पाय नडगीत मोडला होता. आम्ही त्याला बाहेर काढला, हेलिकॉप्टर आलं, तो वाचला. हॉस्पिटलात डर्विन भेटायला गेला तेव्हा लायलने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. आठवड्याच्या आत कुणीतरी खांबाला एक करडा मोजा टांगला. मला माहीत आहे कुणी, पण सांगणार नाही. लायलने तो काढला नाही, म्हणाला, असू दे, शोभतोय.

आता तो बीकन शर्टाच्या आत बांधतो आणि टपरीपाशी उभा राहून सगळ्यांना छाती उघडून दाखवायला लावतो. पोरंटोरं त्याला हेडमास्तर म्हणतात. माझ्याकडेही दोनदा संशयाने पाहिलं त्याने.

मे महिन्यात एकदा मी त्याच्या मागच्या जिन्यावर बसले होते. मार्व्हा आत होती. मी विचारलं, सगळ्यांत जास्त भीती कधी वाटली? बर्फ आला तेव्हा?

“नाही,” तो म्हणाला. “मी चाळीस वर्षं म्हणत आलो, गेलो तर मी जाईन, त्यात इतरांचं काय. तिथे मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, विल्मा. तुमचं खणणं, तिचं बोलणं. मग तिने पिशवी उघडली. मी गेल्यावर ती कशी दिसेल, ते मी जिवंतपणी बघितलं. हाक मारता येत नव्हती मला.”

थोड्या वेळाने मी निघाले. उठताना माझा पाय तिसऱ्या पायरीवर पडला आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले. कठडा धरून म्हटलं, अरे, इतकं सगळं झालं, आता तरी ही दुरुस्त कर.

लायलने आतल्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“ही दुरुस्त होईपर्यंत ती मला जाऊ देणार नाहीये,” तो म्हणाला. “राहू दे हलत.”